निवासी मोटारगाडी : अस्तर व उष्णता निरोधन

मालवाहू बंदिस्त मोटारगाडीचे निवासयोग्य वाहनात रूपांतर करताना तिच्या पोलादी कवचास आतून बसवावयाचे निरोधक थर व प्लायवुडचे आच्छादन. पोलाद उष्णतेचे सुवाहक असल्याने, थंड हवेत श्वासोच्छ्वासातील व स्वयंपाकातील बाष्प त्यावर द्रवरूप होऊन गंज व बुरशी उत्पन्न करते. म्हणून बाष्पास सहसा दाद न देणारा, बंद कोशिकांचा पॉलिस्टायरीन फेस पत्र्यास फट न ठेवता चिकटविणे हितावह ठरते. भिंतींच्या वक्रतेशी जुळणारे ३ ते ६ मिमी., तर जमिनीस सुमारे १२ मिमी. जाडीचे प्लायवुड सामान्यतः पुरते; ६ मिमी. जाडीच्या तक्त्याचे वजन दर चौ.मी.स सुमारे ४ किग्रॅ. भरत असल्याने, अनावश्यक जाडी वाहनाच्या भारमर्यादेस बाधक होते. भारतात आयएस ३०३ मानकातील, उकळत्या पाण्यास टिकणाऱ्या प्रतीचे प्लायवुड निवडावे व कापलेल्या कडांना वार्निश द्यावे.