नांगर: बांधीतला आणि पाण्यातला

आमच्या भंडाऱ्याकडे नांगर म्हटलं की धानाची बांधी, चिखल आणि बैलजोडी डोळ्यासमोर येते. जहाजालाही नांगर असतो हे पुस्तकात वाचलं तेव्हा मला प्रश्न पडला होता, समुद्रात नांगरतात काय? :)

गंमत म्हणजे हे मुळात दोन वेगळे शब्द. शेतातला नांगर संस्कृत 'लाङ्गल'वरून आला, जहाजाचा फारसी 'लंगर'वरून. मराठीत येता येता दोघं एकाच नावाचे झाले. योगायोगच, पण अर्थ बरोबर बसला. कारण बोट नुसत्या नांगराच्या वजनाने थांबत नाही. तो तळात किती रुततो, यावर सगळा खेळ असतो.

जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गाजवळच्या समुद्रात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना दगडी नांगर सापडले आहेत. अरबी-भारतीय पद्धतीच्या लांबट दगडी नांगराला वर दोरासाठी गोल भोक असतं आणि खाली दोन चौकोनी भोकं. त्या चौकोनी भोकांत लाकडी दांडे बसवायचे. दगडाने बुडवायचं आणि दांड्यांनी रुतायचं, अशी ही कामाची वाटणी.

पुढे लोखंडी नांगर आले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जाड दोरखंडाच्या जागी लोखंडी साखळीही आली. साखळी खडकावर घासून सहजी तुटत नाही. शिवाय ती स्वतःच्या वजनाने झोळ घेते, त्यामुळे नांगरावरची ओढ आडवी राहते. ओढ वर झाली की नांगर उपटतो. आपल्या शेतकऱ्याला हे सांगायलाच नको!

आणि मग 1933 साली केंब्रिजच्या जी. आय. टेलर यांनी चक्क शेतातल्या नांगराच्या फाळासारख्या नांगराचं पेटंट घेतलं. हो, फ्लुइड मेकॅनिक्सच्या पुस्तकातले तेच टेलर. त्यांची स्वतःची शिडाची बोट होती आणि अवजड नांगर ओढायचा कंटाळा होता. त्यांचा 'सीक्यूआर' कमी वजनात जास्त धरायचा. म्हणजे आपल्या भाषेने जे आधीच जुळवून ठेवलं होतं, ते त्यांनी लोखंडात केलं.

आता थोडं गणित. समजा 10 मीटरची बोट गोसेखुर्दच्या जलाशयात 6 मीटर पाण्यात उभी करायची आहे. बोटीचं नाक पाण्यावर 1 मीटर, म्हणजे एकूण 7. याच्या निदान पाचपट, म्हणजे 35 मीटर साखळी सोडायची. 8 मिलिमीटरची साखळी घेतली तर साधारण 50 किलो, 10 मिलिमीटरची घेतली तर 80 च्या आसपास. मोह जाड साखळीचा होतो. पण वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो, झोळ निघून साखळी ताठ होते आणि तिच्या वजनाचा उपयोग फारसा उरत नाही. म्हणून साखळी पुरेशी मजबूत असली की बास. वाचलेले किलो नांगरात घालावेत, 15 च्या ऐवजी 20 किलोचा घ्यावा. आणि हिशोब दुपारच्या शांत पाण्याचा न करता उन्हाळी वादळाचा करावा.

पण गोसेखुर्दला एवढ्याने भागत नाही. राजीव गांधींनी 1988 साली या धरणाची पायाभरणी केली. पुढे वैनगंगेचं पाणी अडलं आणि अनेक गावं, त्यांची शेतं पाण्याखाली गेली. तिथे टाकलेला नांगर कुणाच्या तरी बांधीत पडणार, जिथे पूर्वी बैलांचा नांगर चालायचा. तिथली माती रुतायला चांगलीच असेल, पण खाली घरांचे चौथरे असतील, झाडांची खोडं असतील. नांगर अडकला तर निघणार नाही. म्हणून त्याच्या पुढच्या टोकाला वेगळी दोरी बांधून वर तरंगता डबा सोडायचा, म्हणजे उलट्या बाजूने ओढून काढता येतो.

तिथे बोट नेणाऱ्याने आधी बुडालेल्या गावचा जुना नकाशा बघावा. नाहीतर त्या गावच्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारावं. विहीर कुठे होती, ते त्याला अजून पाठ असेल.