एसएसडी खोटं कसं बोलते? फ्लॅश मेमरीची गोष्ट

‘१६ टीबी एसएसडी, फक्त दोन हजारांत’ अशा जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. ती नकली असणार हे कळतं हो. पण जोडल्यावर कॉम्प्युटरही तिला १६ टीबीच का म्हणतो? याचं उत्तर इतिहासात आहे.

१९८४. तोशिबाचे इंजिनिअर फुजिओ मासुओका सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत फ्लॅश मेमरी मांडतात. डेटा एका झटक्यात पुसला जातो, यावरून त्यांच्या सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि तेच नाव पडलं. १९८७ मध्ये नँड फ्लॅश आली. कमी जागेत जास्त डेटा, म्हणून स्वस्त. पण एक गोम होती. नव्याकोऱ्या चिपमध्येही काही ब्लॉक खराब असतात आणि बाकीचे वापरून झिजतात.

हे सांभाळायला कंट्रोलर नावाची चिप लागते. एली हरारी, जॅक युआन आणि मूळचे कानपूरचे संजय मेहरोत्रा यांनी १९८८ मध्ये सनडिस्क काढली, तीच पुढची सॅनडिस्क. १९९१ मध्ये त्यांनी आयबीएमला २० एमबीची एसएसडी दिली, किंमत साधारण १००० डॉलर. म्हणजे एका एमबीला ५० डॉलर!

कंट्रोलर आतला सगळा पसारा झाकतो. कॉम्प्युटर विचारतो, “जागा किती?” कंट्रोलर सांगेल तो आकडा खरा. आत डोकावायची सोयच नाही.

नकली माल याच भरवशावर चालतो. आत ६४ जीबीची चिप, आणि कंट्रोलरला १६ टीबी सांगायला शिकवलेलं. ६४ जीबी भरेपर्यंत सगळं छान. पुढचा डेटा हवेत जातो, नाहीतर जुन्यावरच लिहिला जातो. फाइलींची नावं बहुतेकदा दिसत राहतात, म्हणून संशय येत नाही. लग्नाचे फोटो गेलेत हे वर्षभरानं, उघडायला गेल्यावर कळतं.

मग स्वस्त घ्यायचीच नाही का? घ्या की! स्वस्ताईची प्रामाणिक कारणंही आहेत. टीएलसीत एका सेलमध्ये ३ बिट मावतात, क्यूएलसीत ४. त्यामुळे क्यूएलसी स्वस्त पडते, पण मोठं लिखाण करताना मंदावते आणि लवकर झिजते. काही ड्राइव्हमध्ये वेगळी डीरॅम नसते. घरच्या वापराला हे चालतं. फक्त त्याच क्षमतेच्या नावाजलेल्या ड्राइव्हची किंमत बघा. निम्म्याहून कमीत मिळत असेल तर थांबा. सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर तपासा.

आणि परत करायची मुदत संपायच्या आत, रिकामी असतानाच पूर्ण भरून वाचून बघा. विंडोजवर एचटू-टेस्ट-डब्ल्यू आणि लिनक्सवर एफ-थ्री हे काम फुकटात करतात. वेळ लागतो, रात्रभर चालू ठेवा. कंट्रोलरच्या शब्दावर नाही, वाचून परत आलेल्या डेटावर विश्वास ठेवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर फोटोंची दुसरी कॉपी काढून ठेवा!