सिग्नल-हाताळणी (लहान सी लायब्ररीतील)

चालू प्रोग्रामला कर्नेलकडून मिळणारी आकस्मिक सूचना म्हणजे सिग्नल. कंट्रोल-सी दाबणे, चुकीच्या पत्त्यावरची मेमरी वाचणे, चाइल्ड प्रोसेस संपणे ही त्याची नेहमीची कारणे. सिग्नल आल्यावर चालवायच्या फंक्शनला हँडलर म्हणतात. तो नेमण्याची सोय सी लायब्ररी करते. मसल, डाएटलिबसी यांसारख्या आटोपशीर लायब्रऱ्याही त्याला अपवाद नाहीत.

मानके : सी भाषेच्या १९८९ च्या मानकात ‘सिग्नल’ व ‘रेझ’ ही दोनच फंक्शने आणि सहा सिग्नल आहेत. जुन्या युनिक्समध्ये हँडलर एकदा चालला की नेमणूक रद्द होई आणि तेवढ्यात दुसरा सिग्नल आल्यास प्रोग्राम बंद पडू शके. पॉझिक्सच्या १९८८ च्या मानकातील ‘सिगॅक्शन’ने ही उणीव भरून काढली. म्हणून नव्या लायब्ररीत आधी ‘सिगॅक्शन’ लिहितात; ‘सिग्नल’ त्यावर काही ओळींत उभे राहते.

रचना : एक्स८६-६४ लिनक्सवर ‘सिगॅक्शन’साठी १३ क्रमांकाचा सिस्टिम कॉल आहे. मात्र प्रोग्रामरने भरलेले स्ट्रक्चर कर्नेलला जसेच्या तसे देता येत नाही. दोन्हींतील घटकांचा क्रम वेगळा असतो. शिवाय मसलमध्ये सिग्नल-संच १२८ बाइटांचा, तर कर्नेलचा ८ बाइटांचा असतो. कॉल करताना ८ बाइटांखेरीज वेगळा आकार कळवल्यास तो नाकारला जातो.

परतीची वाट : हँडलर चालवण्यापूर्वी कर्नेल रजिस्टरांतील मूल्ये स्टॅकवर जपून ठेवते. हँडलर संपला की लायब्ररीने दिलेल्या ‘रिस्टोरर’ या तुकड्याकडे नियंत्रण जाते आणि तो १५ क्रमांकाच्या सिस्टिम कॉलने मूल्ये पूर्ववत करवतो. कंपायलरने भर घातलेल्या सूचनांनी स्टॅक पॉइंटर सरकू नये, म्हणून हा तुकडा असेंब्लीत लिहितात. तो राहून गेल्यास नेमणूक बिनतक्रार होते. पण पहिला सिग्नल येताच हँडलर चालण्याऐवजी प्रोग्राम सेगमेंटेशन फॉल्टने कोसळतो. ६४-बिट आर्मवर ही वाट कर्नेलच पुरवते.

मर्यादा : ‘किल’ (९) व ‘स्टॉप’ (१९) यांना हँडलर नेमता येत नाही. ३२ ते ३४ हे क्रमांक मसल स्वतःच्या वापरासाठी राखते. हँडलरमध्ये ‘प्रिंटएफ’ किंवा ‘मॅलॉक’ वापरणे धोक्याचे असते, कारण सिग्नल त्याच फंक्शनच्या मध्यावर आलेला असू शकतो. ‘राइट’ मात्र चालते.