पाट पहिल्यांदा कधी फळवावी? वयाआधी वजन बघा

बारामती-इंदापूरचे नाव ऊस आणि दुधामुळे गाजते, पण सुपे-मोरगावच्या जिराईत पट्ट्यात अडीनडीला पैसा उभा करते ती दारची शेळी. म्हणूनच पाट, म्हणजे अजून न व्यालेली तरुण शेळी, लवकर फळावी अशी घाई असते. तोटा याच घाईत होतो.

उस्मानाबादी पाट ७-८ महिन्यांतच माज दाखवू लागते. पण माज आला म्हणजे अंग भरले असे नाही. तिची स्वतःची वाढ चालूच असते आणि या जातीत जुळी करडे नेहमीचीच. खाल्लेला चारा तिघांत वाटला जातो. मग करडे हलकी निपजतात, त्यांना दूध पुरत नाही, विताना पाट अडते. त्यातून वाचली तरी ती खुरटी राहण्याची भीती असते.

साधा हिशोब असा: पूर्ण वाढलेल्या शेळीच्या वजनाच्या किमान दोन तृतीयांश वजन पाटीचे हवे. उस्मानाबादी शेळी साधारण ३०-३२ किलोची भरते, म्हणजे पाट २० ते २२ किलोची झाल्याशिवाय बोकड दाखवू नये. थोडे थांबून २४-२५ किलो झाली तर उत्तमच. खुराक नीट असेल तर हे वजन १० ते १२ महिन्यांत येते. चाऱ्याच्या टंचाईत वाढलेली पाट वर्ष उलटले तरी तिथवर पोहोचत नाही.

वजनाला मोठा काटा लागत नाही. घरच्या वजनकाट्यावर पाट उचलून उभे राहायचे आणि आलेल्या आकड्यातून स्वतःचे वजन वजा करायचे. सकाळी, चरायला सोडण्याआधी. चरून आलेल्या पाटीचे भरलेले पोट आकडा फुगवते.

बाजारातून आणलेल्या पाटीची जन्मतारीख कोणी सांगत नाही. खालच्या जबड्यात पुढचे दोन मोठे दात आलेली, म्हणजे दोन दाती पाट, साधारण वर्षाची किंवा त्याहून मोठी असते. अदात पाट मात्र ५ महिन्यांचीही असू शकते आणि ११ महिन्यांचीही. तिथे वजनच खरे.

खरी चूक बहुतेकदा ठरवून होतच नाही. सोबत वाढणारी नर करडे ४-५ महिन्यांतच पाटी फळवू शकतात, त्यात सख्ख्या बहिणीही आल्या. म्हणून तिसऱ्या महिन्यानंतर नर वेगळे बांधावेत. कळपातला बोकडही दोन वर्षांनी बदलावा, नाहीतर तो स्वतःच्याच लेकींवर जातो.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात भारतात आणलेली बोअर जात या भागात अनेकांना माहीत आहे. लहान चणीच्या पाटीला पहिल्याच वेळी असा भारी बोकड देऊ नये. करडू मोठे असले की ती अडते.

सतत ओरडणे, शेपूट हलवणे, चिकट स्राव ही माजाची लक्षणे. माज २४ ते ३६ तास टिकतो. सुरू झाल्यावर सुमारे १२ तासांनी बोकड दाखवावा. हंगामही बघावा. डिसेंबर-जानेवारीत फळलेली पाट मे-जूनमध्ये, चाऱ्याच्या ऐन टंचाईत विते. मे-जूनमध्ये फळलेली ऑक्टोबर-नोव्हेंबरात विते, तेव्हा बांधावर हिरवे असते.

फळवल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. १८ ते २१ दिवसांनी पुन्हा माज आला नाही, तर बहुधा पाट गाभण आहे. त्या तारखेपासून सुमारे १५० दिवस मोजायचे.