फटफटी आणि उपग्रह-नभोवाणी

वर्ल्डस्पेस कंपनीनें २००० सालीं ‘एशियास्टार’ उपग्रह विषुववृत्तावर सुमारें ३६,००० किलोमीटर उंच स्थापिला. पुढें ‘गंधर्व’ वाहिनीचें शास्त्रीय संगीत वर्गणीदारांच्या घरीं उतरूं लागलें. परंतु एरियल उपग्रहाच्या रोखानें स्थिर ठेवणें भाग होतें. सोलापुराहून तो आग्नेयेस. फटफटीस्वारास हैदराबादच्या वाटेवर समोर, पुण्याच्या वाटेवर पाठीशीं. वळण आलें कीं रोख चुकणार, पूल आला कीं सूर तुटणार. अमेरिकेंत २००१ पासून एक्सएम कंपनीनें शहरांतून जमिनीवरही प्रक्षेपक उभारले. तेथें फटफटीवर हें यंत्र सुखानें बोलूं लागलें. हिंदुस्थानांत तशी साखळी झाली नाहीं. ३१ डिसेंबर २००९ रोजीं येथील सेवा बंद पडली आणि धडधाकट यंत्रें मुकीं झालीं. प्रवाशाची सोबत केवळ आकाशावर विसंबून होत नाहीं. तिला जमिनीचाही आधार लागतो.