डोंबिवलीची संख्या

१११११११११ ह्या नऊ एकांच्या संख्येस तिनेंच गुणिलें असतां १२३४५६७८९८७६५४३२१ हा गुणाकार येतो. एकापासून नवापर्यंत चढणारी व पुन्हां एकापर्यंत उतरणारी ही सतरा अंकी संख्या पाहून चमत्कार वाटतो. पण यवतमाळच्या शाळेंतील एखाद्या मुलानें पाटीवर गुणाकार मांडला, तर त्याचें कारण त्यालाही दिसेल. नऊ एकांची ओळ प्रत्येक वेळीं एक घर डावीकडे सरकवून नऊदां लिहावी लागते. कडेच्या रकान्यांत एकच एक पडतो, शेजारच्या रकान्यांत दोन, आणि मधल्यांत नऊ. दहा एके घेतले कीं मधली बेरीज दहा होते, हातचा पुढें जातो व कमान मोडते: १२३४५६७९००९८७६५४३२१.

अशा संख्यांचा विचार दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्या मनांत १९२३ सालीं, जी. आय. पी. रेल्वेच्या डोंबिवली स्थानकावर आला. म्हणून त्या स्थानकाच्या नांवावरून त्यांनीं त्यांस ‘डेम्लो संख्या’ असें नांव दिलें. १९०५ सालीं डहाणूस जन्मलेल्या कापरेकरांस फर्ग्युसन कॉलेजांत असतां १९२७ मध्यें रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालें. पदवीपुढील शिक्षण मात्र झालें नाहीं. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनीं देवळालीस शाळामास्तरकी केली. डेम्लो संख्यांचा सिद्धान्त गुंजीकर यांच्यासह त्यांनीं मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकांत १९३९ सालीं मांडला.

आपल्या अंकांच्या बेरजेनें नि:शेष भागली जाणारी संख्या, तिला त्यांनीं ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणारी, म्हटलें. वरील सतरा अंकांची बेरीज ८१ होते; आणि ८१ नें भागतां बाकी न उरतां १५२४१५७८९९७१०४१ हा भागाकार येतो. तो १२३४५६७९ चा वर्ग आहे. म्हणजे तीच संख्या डेम्लोही आहे व हर्षदही. नऊ एकांतून नऊ हा अवयव निघतो व १२३४५६७९ उरतात, हें त्याचें मूळ.

अशा शोधांस पुष्कळ विद्वानांनीं केवळ अंकांचा खेळ मानलें. कापरेकरांनीं मात्र शाळा सांभाळून तो चालूच ठेविला. १९७५ सालीं अमेरिकेंतील मार्टिन गार्डनर यांनीं ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकांत त्यांच्याविषयीं लिहिलें, तेव्हां त्यांचें नांव दूरवर गेलें. त्या वेळीं ते सत्तर वर्षांचे होते. १९८६ सालीं ते वारले. त्यांच्या शोधांना यंत्रांची वा वेधशाळेची गरज नव्हती. पाटी, पेन्सिल आणि हातचा कोठें जातो हें पाहण्याची चिकाटी, एवढ्यावर त्यांचें काम भागलें.