रंगाखालची पूररेषा

घर विकायला काढलं की आधी रंगारी येतो. पूर्वी चुन्याची सफेदी व्हायची, आता पुट्टी आणि रंगाचे दोन हात. गळका नळ बदलतात, माळा आवरतात. यात गैर काही नाही. पाहुणा येणार असला तरी आपण पसारा आवरतोच. पण आवरणं कुठे संपतं आणि लपवणं कुठे सुरू होतं? जुन्या नाशकात हा प्रश्न नदीकाठच्या भिंतींवरच दिसतो.

नाशिककर गोदावरीचा पूर मीटरमध्ये मोजत नाहीत. पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं की गळ्याशी आलं, असं विचारतात. त्याहून मोठा पूर आला की नारोशंकराच्या देवळातल्या घंटेचा विषय निघतो. गंगापूर धरण १९६५ मध्ये झालं, तरी १९६९ मध्ये महापूर आला आणि २००८ मध्ये पुन्हा आला. पाणी ओसरतं, पण विटांच्या भिंतीत ओल राहते. मग लोणा येतो, रंगाचे पोपडे सुटतात. उन्हाळ्यात रंग दिला तर निदान पावसाळ्यापर्यंत काही कळत नाही.

वाड्यांच्या बाबतीत ही अडचण फारशी नव्हती. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी जवळपास १९४० च्या पातळीवरच थांबवली. महिन्याच्या भाड्यात कौलं फेरणंही परवडेना, तेव्हा मालकांनी डागडुजी सोडली. असा वाडा घेणारा बिल्डर भिंतीकडे बघत नसे. तो जागा मोजायचा, भाडेकरू मोजायचा. विक्रीची तयारी व्हायची ती कागदांची: मिळकत पत्रिका, वारसांच्या सह्या. भिंत सजवायची गरज पडू लागली ती फ्लॅट आले तेव्हा, कारण फ्लॅट घेणारा त्यात राहायला येतो.

त्याच्यासाठी कायदेही आले. १९६३ च्या मोफा कायद्याने बिल्डरवर मालकी आणि नकाशे उघड करण्याचं बंधन घातलं. २०१६ च्या रेराने बांधकामातल्या दोषांची पाच वर्षं जबाबदारी त्याच्यावर टाकली. पण जुनं घर एका कुटुंबाकडून दुसऱ्याकडे जातं तेव्हा आधार १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचाच. त्याचं कलम ५५ सांगतं, की विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधी काळजी घेऊनही सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. पोपडा डोळ्यांना दिसतो, तो घेणाऱ्याने बघावा. पोपड्यावर रंग चढवला, की तोच दोष सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर येते.

२००८ नंतर पाटबंधारे खात्याने नाशकात निळी आणि लाल पूररेषा आखली. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. घर कोणत्या रेषेच्या आत आहे हे नकाशावर कळतं. घरात पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं होतं, हे मात्र तिथे राहिलेल्यालाच ठाऊक.

आम्ही सॉफ्टवेअरवाले नवी आवृत्ती देताना माहीत असलेल्या दोषांची यादी सोबत जोडतो. त्यामुळे गिऱ्हाईक पळून जात नाही, उलट तयारीनिशी येतं. घराच्या बाबतीत तर समोरचा वीस वर्षांचे हप्ते अंगावर घेणार असतो. रंग जरूर द्यावा. फक्त घर दाखवताना जिन्यापाशी थांबावं आणि म्हणावं, ‘२००८ ला पाणी इथपर्यंत होतं.’